कऱ्हाड ते कागवाड : यापनीय संघाचे काय झाले?

कुंडलमध्ये तीन पार्श्वनाथ आहेत. गावात कलिकुंड पार्श्वनाथ, डोंगरातल्या गुहेत झरी पार्श्वनाथ आणि वर गिरी पार्श्वनाथ. झरीच्या गुहेत कातळातून पाझरणारे पाणी मूर्तीवर पडत असते, त्यावरून तिचे नाव पडले. पलूस, तासगाव, वाळवा, मिरज या भागांतले जैन शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या या डोंगरावर येतात. आज हे क्षेत्र दिगंबर परंपरेचे आहे. त्यामुळे या खोऱ्यातले मध्ययुगातले मुनीही सगळे एकाच संघाचे असणार, असे आपण गृहीत धरतो. शिलालेख मात्र वेगळेच सांगतात. त्यांत मूलसंघ येतो, त्याचे देशीय गण आणि सेन गण येतात; द्रविड संघ, काष्ठा संघ आणि कूर्चक येतात. आणि या सगळ्यांहून विलक्षण असा यापनीय संघही येतो.

पाचव्या शतकातल्या कदंबांच्या ताम्रपटांपासून १३९४ सालच्या कागवाडच्या शिलालेखापर्यंत, म्हणजे नऊशेहून अधिक वर्षे, यापनीयांचे उल्लेख सापडतात. त्यानंतर ते थांबतात. या संघाच्या उगमाची एक कथा कऱ्हाडात घडते आणि त्याचा शेवटचा मोठा पुरावा मिरजेजवळ, सीमेपलीकडच्या कागवाडात आहे. कुंडल या दोन गावांच्या मधोमध येते. त्यामुळे हा इतिहास आपल्याच परिसराचा आहे, तरी आपल्या शाळांत आणि देवळांत तो कोणी सांगत नाही. यापनीय कोण होते, ते काय मानत होते आणि त्यांचा संघ संपला म्हणजे नेमके काय झाले, या प्रश्नांचा हा आढावा आहे.

दोन्हींच्या मधले मुनी

यापनीय मुनी नग्न राहत आणि मोरपिसांची पिच्छी बाळगत. दुरून पाहणाऱ्याला ते दिगंबरच वाटत. पण दिगंबर परंपरा ज्या आगमग्रंथांना प्रमाण मानत नाही, ते आचारांग, उत्तराध्ययन, दशवैकालिक, कल्प हे ग्रंथ यापनीय वाचत आणि त्यांवर टीकाही लिहीत. स्त्रीला त्याच जन्मात मोक्ष मिळू शकतो आणि केवलज्ञान झालेले जिनही आहार घेतात, असे ते मानत. या दोन्ही गोष्टी श्वेतांबर मानतात आणि दिगंबर नाकारतात. दुसऱ्या पंथाच्या माणसालाही मुक्ती मिळू शकते, असेही यापनीयांचे म्हणणे होते.

यामुळे दोन्ही बाजूंचे लेखक त्यांच्याकडे संशयाने पाहत. इंद्रनंदींच्या नीतिसारात पाच जैनाभास, म्हणजे जैन असल्याचा नुसता भास निर्माण करणारे संघ, मोजले आहेत आणि त्यांत यापनीय आहेत. सोळाव्या शतकातल्या श्रुतसागरांनी तर त्यांना खेचराची उपमा दिली, कारण ते दोन्हीकडचे मानतात. षड्दर्शनसमुच्चयाचे टीकाकार गुणरत्न मात्र शांतपणे नोंद करतात. नग्न साधूंचे चार संघ आहेत: काष्ठा, मूल, माथुर आणि गोप्य. गोप्य म्हणजेच यापनीय. काष्ठा संघाची पिच्छी चमरी गाईच्या केसांची, मूल आणि गोप्य यांची मोरपिसांची, तर माथुर संघाचे साधू पिच्छी बाळगतच नाहीत. कोणी वंदन केले की गोप्य ‘धर्मलाभ’ म्हणतात, बाकीचे ‘धर्मवृद्धी’ म्हणतात. त्या काळच्या श्रावकाला समोरचा मुनी कोणत्या संघाचा हे ओळखण्यासाठी कदाचित हा एक शब्दच हाताशी असेल.

कऱ्हाडची राणी

संघाच्या उगमाच्या दोन कथा आहेत, आणि दोन्ही विरोधकांनी सांगितलेल्या आहेत. देवसेनांनी धारानगरीत विक्रम संवत ९९० मध्ये रचलेल्या दर्शनसारात श्रीकलश नावाच्या श्वेतांबर साधूने कल्याण नगरात हा संघ सुरू केला, असे म्हटले आहे. त्यासाठी दिलेला काळ काही हस्तलिखितांत विक्रम संवत २०५ आहे, तर काहींत ७०५. दुसरा आकडा मानला तर इसवी सन ६४८ येते. पण पाचव्या शतकातल्या कदंब ताम्रपटांत यापनीयांना दान दिलेले आहे, म्हणजे तो आकडा टिकत नाही.

दुसरी कथा रत्ननंदींच्या भद्रबाहुचरितात येते, आणि ती कऱ्हाडची आहे. करहाटकात, म्हणजे कऱ्हाडात, भूपाल नावाचा राजा राज्य करीत होता. त्याची राणी नृकुलादेवी. आपल्या माहेरच्या गुरूंना बोलावून आणावे, असा तिने राजाकडे हट्ट धरला. राजाने मंत्र्याला पाठवून साधूंना आणवले आणि तो स्वतः थाटाने सामोरा गेला. दुरूनच त्याच्या लक्षात आले की हे साधू नग्न नाहीत. त्यांच्या अंगावर वस्त्रे आहेत, हातात पात्र आणि दंड आहे. तो तसाच मागे फिरला. राणीला कारण कळले. तिने गुरूंची विनवणी केली, साधूंनी वस्त्रे टाकली, पिच्छी-कमंडलू घेतले, आणि मग राजाने त्यांचे स्वागत केले. रूप दिगंबरांचे झाले, आचार मात्र श्वेतांबरांचाच राहिला, असा या कथेचा शेवट आहे.

ही कथा यापनीयांना कमी लेखण्यासाठी रचलेली आहे. त्यांच्या नग्नतेमागे तत्त्व नव्हते, राजाची मर्जी होती, असे तिला सुचवायचे आहे. तरीही तिच्यातून दोन गोष्टी हाती लागतात. एक, पुढच्या काळातल्या जैन लेखकांच्या मनात यापनीयांचे नाते कऱ्हाडच्या परिसराशी जुळलेले होते. दोन, ज्या संघाने स्त्रीच्या मोक्षाची बाजू लढवली, त्याच्या जन्माचे श्रेय किंवा दोष त्याच्या विरोधकांनीही एका स्त्रीलाच दिला.

ताम्रपट काय सांगतात

कथा बाजूला ठेवून दानपत्रांकडे वळले की पाय जमिनीला लागतात. बेळगाव जिल्ह्यातले हलशी म्हणजे जुनी पलाशिका. तिथल्या ताम्रपटात कदंब राजा मृगेशवर्म्याने वडिलांच्या स्मरणार्थ जिनालय बांधून यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक यांना ३३ निवर्तने जमीन दिल्याची नोंद आहे. एका दानात तीन संघ! त्यांतल्या कूर्चकांविषयी, म्हणजे दाढी राखणाऱ्या साधूंविषयी, जे कळते ते मुख्यतः अशाच नोंदींतून. पुढे रविवर्म्याच्या ताम्रपटात, पावसाळ्याच्या चार महिन्यांत यापनीय तपस्व्यांच्या आहाराची सोय करावी, अशी व्यवस्था आहे. चातुर्मासात मुनी एका जागी राहत, त्यामुळे त्यांचा खर्च गावावर येई. राजाने तो आपल्या अंगावर घेतला.

राष्ट्रकूटांच्या काळात आणि त्यानंतरही संघ वाढला. त्याचे गण निरनिराळ्या गावी दिसू लागतात: पुन्नागवृक्षमूल गण, कंडूर गण, कारेय गण, कुमुदी गण. सौंदत्तीच्या ९८० च्या शिलालेखात रट्ट सामंत शांतिवर्म्याने कंडूर गणाच्या बाहुबलिदेवांना दान दिले आहे. बेळगावच्या दोड्ड बस्तीत नेमिनाथाची मूर्ती आहे. तिच्या पीठावर, यापनीय संघाच्या पारिसय्याने १०१३ मध्ये मंदिर उभारल्याचा लेख आहे.

कोल्हापूरच्या शिलाहारांच्या राज्यातले दोन लेख या विषयात विशेष मोलाचे आहेत. पहिला कागलजवळच्या होन्नूरचा, बाराव्या शतकाच्या पहिल्या दशकातला, बल्लाळ आणि गंडरादित्य या शिलाहार बंधूंच्या वेळचा. बम्मगावुंड नावाच्या गावप्रमुखाने बसदी, म्हणजे जैन मंदिर, बांधली आणि तिथे राहणाऱ्या तपस्व्यांच्या आहारासाठी दान मिळाले. हा गावुंड, म्हणजे आजच्या भाषेत पाटील, ज्यांचा शिष्य होता, त्या गुरूचे नाव रात्रिमती कंती. कंती म्हणजे जैन साध्वी. नऊशे वर्षांपूर्वी कागलच्या बाजूचा एक पाटील एका साध्वीला गुरू म्हणवून घेतो आणि तसे दगडावर कोरवतो, यावरून त्या संघात साध्वींचे स्थान काय होते हे दिसते.

दुसरा लेख चिकोडीजवळच्या एकसंब्याचा, ११६५ चा. शिलाहार विजयादित्याचा सेनापती कालण याने नेमिनाथाची बसदी बांधली आणि तिचे दान यापनीय संघाच्या पुन्नागवृक्षमूल गणाच्या विजयकीर्तींकडे सोपवले. रट्ट राजा कार्तवीर्य या बसदीच्या दर्शनाला येऊन गेला. म्हणजे बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातही यापनीय आचार्यांच्या दारी राजे येत होते.

शाकटायनाचा युक्तिवाद

यापनीयांचा सर्वांत मोठा विद्वान पाल्यकीर्ती. तो शाकटायन या नावानेच ओळखला जातो. राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, त्याने संस्कृत व्याकरण लिहिले आणि त्यावरच्या वृत्तीला राजाच्या नावाने अमोघवृत्ती म्हटले. हे व्याकरण पुढे दिगंबर विद्वानांनीही शिकले आणि शिकवले. त्याने आणखी दोन छोटी प्रकरणे लिहिली: स्त्रीनिर्वाण आणि केवलिभुक्ती. त्यांतल्या पहिल्यात स्त्रीच्या मोक्षाची बाजू अशी मांडली आहे की आजही वाचताना मान डोलावी.

विरोधकांचा एक मुद्दा असा होता: स्त्री सातव्या नरकापर्यंत पडू शकत नाही, म्हणजे तिच्यात टोकाचे बळ नाही, मग ती मोक्षापर्यंत कशी चढेल? शाकटायन जैन शास्त्रातलाच दाखला पुढे करतो. सरपटणारे प्राणी, पक्षी, चतुष्पाद आणि साप यांची खाली पडण्याची मर्यादा वेगवेगळी सांगितली आहे, कोणी दुसऱ्या नरकापर्यंत, कोणी तिसऱ्या, चौथ्या, पाचव्यापर्यंत. पण वर चढण्याची मर्यादा या सगळ्यांना एकच, सहस्रार स्वर्गापर्यंत. मग किती खाली जाता येते यावरून किती वर जाता येईल हे ठरते, असे म्हणता येत नाही.

दुसरा मुद्दा वस्त्रांचा. साध्वी वस्त्र नेसते, वस्त्र म्हणजे परिग्रह, आणि परिग्रह असताना मोक्ष नाही. शाकटायन विचारतो, मुनी पिच्छी बाळगतो तो परिग्रह का नाही? संयमाचे साधन म्हणून ती चालते, तर आसक्ती नसलेले वस्त्रही साध्वीच्या संयमाचे साधनच आहे. तिसरा मुद्दा असा की मुनी साध्वींना वंदन करीत नाहीत, म्हणून त्या हीन. त्यावर त्याचे उत्तर: तीर्थंकर आपल्या पट्टशिष्यांना, म्हणजे गणधरांना, वंदन करीत नाहीत, म्हणून गणधरांना मोक्ष नाही असे कोणी म्हणते काय?

या युक्तिवादांना उत्तर देणे दिगंबर पंडितांना भाग पडले. अकराव्या शतकातल्या प्रभाचंद्रांनी आपल्या न्यायग्रंथांत स्त्रीमुक्तीचे सविस्तर खंडन केले. उलट श्वेतांबर आचार्य हरिभद्रांनी त्याही आधी, ललितविस्तरेत, स्त्रीच्या मोक्षासाठी यापनीयांच्याच एका ग्रंथाचा आधार घेतला होता. दोन मोठ्या परंपरांच्या या वादात दोघींनाही दखल घ्यावी लागली ती या मधल्या संघाची.

शेजारी आणि स्पर्धक

यापनीय एकटे नव्हते. याच कऱ्हाडच्या प्रदेशातले एक गाव राष्ट्रकूट कृष्ण तिसरा याने ९५९ मध्ये गगनशिव नावाच्या शैव आचार्याला दान दिले. हा वल्कलेश्वराच्या स्थानाचे आचार्य ईशानशिव यांचा शिष्य. शैव सिद्धान्ताचे, पाशुपतांचे आणि दक्षिणेकडे कालामुखांचे मठ याच काळात भरात होते. कालामुखांची गत पुढे यापनीयांसारखीच झाली. त्यांची कितीतरी देवळे वीरशैवांच्या हाती गेली आणि संघाचे नाव पुसले गेले.

जैनांमध्ये मूलसंघाचा देशीय गण कोल्हापुरात जोरात होता. निंबदेव सामंताचे गुरू माघनंदी, त्यांची रूपनारायण बसदी आणि शके १०५८ चा शिलालेख हे याचे पुरावे. त्या लेखात मिरजेसह अनेक पेठांच्या व्यापाऱ्यांनी निंबदेवाने बांधलेल्या पार्श्वनाथ मंदिरासाठी आपल्या मालावरचा वाटा दिल्याची नोंद आहे. बाजाराचा पैसा ज्या गणाकडे वळला, तो टिकला. काष्ठा संघाचा उगम दर्शनसार नंदीतटात सांगते आणि अभ्यासक ते स्थान नांदेडशी जुळवतात. या संघाच्या नंदीतट गच्छाचे (शाखेचे) भट्टारक, म्हणजे मठाधिपती, पुढे विदर्भात कारंजापर्यंत पोचले. भट्टारकांकडे मठ, जमिनी आणि ग्रंथभांडार होते. कोल्हापूर आणि नांदणीचे मठ आजही त्या व्यवस्थेची आठवण देतात.

युरोपातला दाखला

लहान संघ कसे संपतात, हे समजायला मध्ययुगीन कॅथलिक जगाकडे पाहणे उपयोगी ठरते. तिथेही फ्रान्सिस्कन आणि डोमिनिकन यांच्या सावलीत कितीतरी छोटे संघ होते. लोंबार्डीत लोकर विणून पोट भरणारे हुमिलियाती १२०१ मध्ये पोपच्या मान्यतेला पात्र ठरले. त्यांच्या एका शाखेत माणसे आपापल्या घरी राहूनच व्रत पाळत. कार्डिनल बोर्रोमेओ त्यांच्यात सुधारणा करू लागला, तेव्हा १५६९ मध्ये त्यांच्यातल्याच एकाने त्याच्यावर गोळी झाडली, आणि १५७१ मध्ये पोपने हुमिलियातींची पुरुष शाखा बंद केली. सिएनातले जेसुआती आजाऱ्यांची सेवा करीत आणि औषधी अर्क काढीत. ते १६६८ मध्ये बंद झाले. जाडेभरडे गोणपाट नेसणारे सॅक फ्रायर्स १२७४ च्या लिऑनच्या परिषदेत अडकले, कारण १२१५ च्या लॅटरन परिषदेने नवे संघ काढायला मनाई केली होती. इंग्लंडमधल्या गिल्बर्टच्या संघात साध्वी आणि साधू एकाच चर्चमध्ये, मध्ये भिंत घालून, प्रार्थना करीत. आठव्या हेन्रीने मठ मोडले तेव्हा, १५३८-३९ मध्ये, तोही संपला.

या प्रत्येक शेवटाला तारीख आहे, आदेश आहे, सही करणारा आहे. वर एक पोप किंवा राजा होता, आणि त्याने नको म्हटले की संघ बंद. आपल्याकडे असे केंद्र नव्हते. यापनीयांवर बंदी घालणारा एकही हुकूम सापडत नाही. नीतिसाराने त्यांना जैनाभास म्हटले, तरी त्याच शतकांत राजे त्यांना जमिनी देत राहिले आणि श्रावक मूर्ती घडवत राहिले.

संपले म्हणजे काय झाले?

कारणांकडे पाहू. एक, आश्रय. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात यादवांनी कोल्हापूरचे शिलाहार आणि सौंदत्तीचे रट्ट या दोन्ही राजघराण्यांची सत्ता संपवली. यापनीयांच्या बसद्यांचा मोठा आधार हीच दोन घराणी होती. दोन, बाराव्या शतकानंतर वीरशैव चळवळीने व्यापारी आणि शेतकरी वर्गाला आपल्याकडे ओढले आणि या प्रदेशातल्या सगळ्याच जैन संघांचा पाया आकसला. तीन, मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे: सामान्य श्रावकाला यापनीय आणि मूलसंघी मुनी यांत फरक दिसत नव्हता. दोघेही नग्न, दोघांच्या हाती मोरपिसांची पिच्छी, दोघांच्या मूर्तीही नग्न. गाव लहान झाले, मुनी कमी झाले, तेव्हा जो मुनी आला त्याला गावाने आहार दिला आणि जो आचार्य मिळाला त्याच्या हाती बसदी सोपवली.

होन्नूरचा लेख याचा साक्षीदार आहे. रात्रिमती कंतींचा गण पुन्नागवृक्षमूल, म्हणजे यापनीयांचा प्रसिद्ध गण, पण लेखात त्याआधी नाव आहे मूलसंघाचे. साठेक वर्षांनी एकसंब्यात तोच गण स्वतःला यापनीय म्हणवतो आणि १३९४ मध्ये कागवाडच्या नेमिनाथ बसदीच्या तळघरातल्या लेखातही यापनीयच म्हणवतो. म्हणजे एका गावात गण मोठ्या संघात मिसळला असताना दुसऱ्या गावात तो जुने नाव धरून होता. नदी अनेक ओढ्यांनी भरते, तसे हे गावागावांत, पिढ्यान्‌पिढ्या घडत गेले.

संघ गेला, पण त्याचे धन दुसऱ्यांच्या घरी नांदते आहे. शाकटायनाचे व्याकरण दिगंबरांनी जपले. अपभ्रंशातले रामायण, पउमचरिउ, लिहिणारा स्वयंभू यापनीय होता, असे जुने टिपण सांगते. शिवार्यांची भगवती आराधना सल्लेखनेचा, म्हणजे आमरण उपवासाच्या व्रताचा, प्रमाणग्रंथ म्हणून दिगंबर मुनी आजही वाचतात. तिच्यात, सल्लेखना घेतलेल्या साधूसाठी चार मुनींनी आहार आणावा, असा नियम आहे. हातातच आहार घेणाऱ्या, पात्र न बाळगणाऱ्या मुनींच्या आचारात तो बसत नाही. अशा खुणांवरून अभ्यासक नाथूराम प्रेमींनी हा ग्रंथ यापनीयांचा असल्याचे मांडले. आणि बेळगावची नेमिनाथाची मूर्ती तर रोज पुजली जाते.

आपल्या हातात काय आहे

या विषयाला आधुनिक काळात उजेडात आणले ते आपल्याच भागातल्या माणसाने. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये चिकोडीजवळच्या सदलग्याचे, जन्म १९०६. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात त्यांनी तीस वर्षे अर्धमागधी शिकवली. १९३३ मध्ये त्यांनी यापनीय संघावर पहिला मोठा लेख लिहिला आणि चार दशकांनंतर पुन्हा त्याच विषयाकडे वळून नवे शिलालेख जमवले. स्वतः दिगंबर घरातले असूनही, दिगंबर आज ज्या मूर्ती पुजतात त्यांतल्या काही यापनीयांनी बसवलेल्या आहेत, हे त्यांनी स्वच्छपणे लिहिले. पां. भि. देसाईंनी दक्षिणेतले जैन शिलालेख अभ्यासले, विद्याधर जोहरापूरकरांनी भट्टारकांच्या परंपरा लावून दिल्या, मुनी जंबूविजयांनी शाकटायनाची दोन्ही प्रकरणे संपादित केली आणि पद्मनाभ जैनींनी स्त्रीमुक्तीचा सारा वाद इंग्रजीत आणला. मराठीत मात्र हे सगळे एका जागी वाचायला मिळत नाही, आणि मराठी वाचकाची ही गरज कोणीतरी पूर्ण केली पाहिजे.

त्याहून निकडीचे काम गावांत आहे. यापनीयांचा इतिहास मूर्तींच्या पीठांवरच्या दोन-चार ओळींतून उभा राहिला आहे. कृष्णा, वारणा आणि पंचगंगेच्या काठी जुन्या बसद्यांचे जीर्णोद्धार चालू आहेत. जुने दगड काढून संगमरवर बसतो, पीठांना रंग लागतो, तळघरे बुजवली जातात. हे सगळे श्रद्धेपोटी होते, पण त्यात संघाचे आणि गणाचे नाव कायमचे जाऊ शकते. म्हणून जीर्णोद्धार समितीने काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक पीठाचा, प्रत्येक वीरगळाचा आणि पायरीत बसलेल्या प्रत्येक कोरीव दगडाचा ठसा आणि छायाचित्र घ्यावे आणि हळेकन्नड जाणणाऱ्या अभ्यासकाकडून ते वाचून घ्यावे. कुंडलच्या डोंगरापासून कागवाडच्या तळघरापर्यंत ही शिस्त पाळली गेली, तर यापनीयांबरोबर कूर्चकांसारखे आणखी विसरलेले संघही नावानिशी हाती लागतील. स्त्री आणि पुरुष, आपले आणि परके, सगळ्यांना मोक्षाचा अधिकार आहे, असे सांगणारे मुनी या खोऱ्याच्या इतिहासात होऊन गेले. त्यांची नावे शोधून काढणे हे आता आपले काम आहे.